सरस्वताबाईंचं पान

कळंबच्या बाजारात तुळसाबाई कोहळ्यांच्या ढिगापुढं उभी होती, आणि कोहळेवाली तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, "घ्याचं हाय का नुसतं पाह्याचं हाय, बाई?"

तुळसाबाईनं एक कोहळं उचललं, टिचकी मारून कानाशी धरलं. वाजलं ते. पिकलेलं कसं वाजतं आणि कोवळं कसं, हे तिला परकर नेसायच्या वयापासून कळत होतं. आज नुसता आवाज कानाशी आला आणि आल्या पावली निघून गेला.

"हेच घे काकू, चांगलं हाय," मागून रुपाली म्हणाली, आणि काकूच्या हातातलं कोहळं काढून तिनं पिशवीत टाकलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती, त्यामुळं बाजार ओसंडत होता. ताडपत्र्यांच्या सावलीत शेतकरणी बसल्या होत्या. भेंडी ओल्या फडक्याखाली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या पाण्याच्या टोपल्यात, काकड्या ओळीनं निजवलेल्या लेकरांसारख्या. कोलाम आदिवासींच्या बाया पळसाच्या द्रोणात काळी चारं, चारोळीची फळं, घेऊन आल्या होत्या. पलीकडं नव्या घागरी उलट्या मांडलेल्या, आणि त्यांच्या बाजूला गवतात घातलेला पाडाचा आंबा. उन्हानं तापून त्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. माणसं थांबून, डोळे मिटून तो वास घेत होती. तुळसाबाईही थांबली. तिनं आंबा नाकाशी नेला, खाली ठेवला, दुसरा उचलला.

त्यांच्या घरात पितरांना दाखवल्याशिवाय आंबा कुणी तोंडात घालत नसे. आणि यंदाचं पितर घरातलंच होतं, ताजं होतं. तुळसाबाईची थोरली जाऊ, रुपालीची आई सरस्वता, पौषातल्या थंडीत ताप येऊन गेली. कुंकू लेवून गेली, म्हणून तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची होती. पहिल्या आखाजीला मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस पाटावर बसतो. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. शेजारच्या सुखीबाईला आवतण गेलं होतं. स्वयंपाक तुळसाबाईचा.

"काकू," आंब्याचे पैसे देऊन झाल्यावर रुपाली म्हणाली, "एक सांगू? परवा मी बाबाले वनीले माह्या घरी घेऊन जातो. कायमचं."

तुळसाबाई पिशवीत आंबे लावत राहिली. देठ वर, देठ वर.

"ऐकलं का?"

"ऐकलं."

"मंग व्हय म्हन, नाई म्हन. काही त बोल. तिथं कूलर हाय, नातवंडं हायेत. तुमच्या जावयाचं बी मन हाय, खाणीतल्या ड्युटीवरून आले का सासऱ्याशी दोन घटका बोलतीन. इथं कोन बोलते बाबाशी? काका दिवसभर वावरात. आन तू त..." रुपाली अडखळली. "तू त बाबाशी बोलतच नाई."

हे काही टोमणा म्हणून ती बोलली नव्हती. खरंच तसं होतं.

नागोराव हे तुळसाबाईचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं: भासऱ्यापुढं पदर खाली घ्यायचा, त्यांच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. सासू गेली. पदर हळूहळू वर सरकला, खांद्यावर आला. गावातल्या नव्या सुना भासऱ्याच्या मोटारसायकलवर बसून बाजाराला जाऊ लागल्या. पण या दोघांतलं न बोलणं तसंच राहिलं. ते मोडायची कधी गरजच पडली नाही, कारण मध्ये सरस्वता होती.

"बाई, भाऊजींले म्हना पानी काढलं." असं तुळसाबाई म्हणे, आणि भाऊजी तिथंच, दोन हातांवर बसलेले असत. सरस्वता मान वळवून म्हणे, "ऐकलं का, पानी काढलं." "तिले म्हना, आलो," नागोराव म्हणत. "आले वं ते," सरस्वता सांगे. भाजीत तिखट जास्त झालं, गाय व्याली, सोयाबीन कधी विकायचं, पोरीला कुठं द्यायचं, सगळं याच वाटेनं गेलं आणि याच वाटेनं आलं. कधी दोघी जावांचं बिनसलं तरी निरोप थांबत नसत. सरस्वता फुगलेल्या तोंडानं का होईना, इकडचं तिकडं करी. आणि निरोपात आपल्या पदरचं घालायची तिला फार हौस. "ते म्हनते भाकरी मऊ झाली," असं ती सांगे, तेव्हा नागोराव नुसतेच खाकरलेले असत.

पहाटे चुलीपुढं ती गात असे,

*एका चुलीवर दोघी जावा, एक फुंकर, एक जाळ*
*सासरच्या गं अंगणात, अशी उगवे सकाळ.*

ती गेली आणि वाट मोडली. सुरुवातीला तुळसाबाईनं नवऱ्याला, बळीरामला, मध्ये घालून पाहिलं. पण बळीराम निरोप्या म्हणून अगदीच कुचकामी. सकाळी सांगितलेलं त्याला संध्याकाळी आठवे, तेही भलतंच. "भाऊजींले इचारा, आंगाले बरं हाय का," म्हटलं, तर तो भावाला जाऊन म्हणाला, "तुले डाक्टरकडं जा म्हनते ते." मग तिनं तेही सोडलं. ती ताट वाढून ओसरीवर ठेवी आणि दाराची कडी एकदा वाजवी. नागोराव जेवत. ताट परत येई, कधी अर्धं, कधी पाऊण.

आता ते ताटही थांबणार होतं.

"बोल ना काकू," रुपाली म्हणाली.

"त्यायच्या मनात काय हाय?"

"बाबा? बाबा म्हनते, चाल. थैली भरून ठेवली त्यायनं."

ऑटोत बसताना तुळसाबाईनं कोहळं मांडीवर घेतलं. भासऱ्यानं जाऊ नये असं तिला वाटत होतं. रडू येत नव्हतं, राग नव्हता, पौषापासून अंगाला काही लागतच नव्हतं. तेवढी एकच गोष्ट आत कुठं तरी खड्यासारखी होती. का जाऊ नये, ते तिला सांगता आलं नसतं. सांगता आलं असतं, तरी सांगणार कुणाला?

आखाजीच्या सकाळी तिनं आंघोळ करून ओल्या केसांनीच चूल पेटवली. गॅस होता, पण पितरांचं चुलीवर. कोहळ्याची साल न काढता फोडी केल्या, तेलात मेथ्या टाकल्या, त्या लालसर झाल्या तशा फोडी सोडल्या, वरून गूळ, खसखस. कढीला ताक घुसळलं. उडदाच्या वड्यांचं पीठ फेटलं, भेंडी चिरली, काकडीची कोशिंबीर करून तिच्यावर सांबार भुरभुरला. कांदा नाही, लसूण नाही. रुपालीनं आंबे पिळून रस काढला आणि सरगुंडे वाफवले. काडीवर पीठ गुंडाळून केलेली ती पोकळ नळी वाफेत टम्म फुगते, आणि तिच्यात रस शिरतो. हे सारं रांधायचं आणि चाखायचं नाही. पितरांच्या आधी जिभेला लावलं तर ते उष्टं. सरस्वताला चाखायची गरजच नसे, ती वाफेच्या वासावर मीठ सांगे. तुळसाबाई वाफेवर वाकली. गरम हवा तोंडाला लागली, बस.

"मीठ टाकलं का वं काकू?" रुपालीनं विचारलं.

"टाकलं असन," तुळसाबाई म्हणाली.

उन्हं डोक्यावर आली तशी सुखीबाई गुडघ्यावर हात देत देत आली. सरस्वताच्याच वयाची, तिची जन्माची मैत्रीण आणि जन्माची भांडखोर. दोघींचं शेवटचं भांडण सांडग्यांवरून झालं होतं. ते मिटायच्या आत एक गेली.

"खुर्ची देन कोनी का पाटावरच बसू?" तिनं दारातूनच विचारलं. "माह्ये गुडघे काही मेले नाई अजून."

"सुखीमावशी, पाटावर बसा लागते," रुपाली म्हणाली.

"बसतो बाप्पा. सरस्वतानं मले जितेपनी बसू देल्लं नाई, आता मेल्यावर तिच्या पाटावर बसवते."

तुळसाबाईनं तिचे पाय धुतले, हळद-कुंकू लावलं, नवं लुगडं खांद्यावर घातलं, ओटी भरली. पळसाच्या पत्रावळीवर पान वाढलं. समोरच्या ओळीत नागोराव आणि बळीराम बसले. नागोराव वाळले होते. सदऱ्याच्या गळ्यातून मानेखालचं हाड वर आलेलं दिसत होतं. ते पानाकडं बघत नव्हते, पाटावरच्या बाईकडंही बघत नव्हते.

"आता हाक मारा लागते," बळीराम म्हणाला. "नाव घेऊन जेवा म्हना लागते. त्याशिवाय नाई पोचत."

सगळे तुळसाबाईकडं बघू लागले. वाढणारणीनं हाक मारायची ही रीत. ती हातात रसाचं पातेलं घेऊन उभी होती.

"बाई," ती म्हणाली.

पौषापासून हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. तो निघाला, आणि त्याच्यामागं जे नेहमी यायचं तेच आलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं बैल आपसूक घराकडं वळतो, तसं.

"बाई, भाऊजींले म्हना, वनीले नका जाऊ."

रुपालीच्या हातातला चमचा थांबला. बळीराम बायकोकडं बघत राहिला. सुखीबाईनं एकदा तुळसाबाईकडं पाहिलं, एकदा नागोरावांकडं. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, अगदी सरस्वता करी तसा, कानामागून, आणि मान वळवली.

"ऐकलं का? ते म्हनते, वनीले नका जाऊ."

पत्रावळीवरची वाफ वर चढत होती. नागोरावांचा हात मांडीवर पडून होता. ते म्हणाले, "तिले म्हना, इथं काय हाय आता?"

"इथं काय हाय म्हनते वं ते."

"म्हना, घर हाय."

"घर हाय म्हनते."

"म्हना," नागोराव म्हणाले, "घरात आलो का तिचीच जागा दिसते. चुलीपुढं दिसते, न्हानीत दिसते. तिथं गेलो त दिसनार नाई."

सुखीबाई हे सांगायला वळली, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं. ती पाटावर सरळ बसली.

"नाई सांगत मी," ती म्हणाली.

"काहून?" बळीराम म्हणाला.

"काहून म्हंजे? मी मेली ना बाप्पा! मेलेल्या बाईच्या हातून कायले निरोप धाडून राह्यले? जिती होती तवा भाकर थापता थापता तुमचं इकडचं तिकडं केलं. आता बसू द्या मले. जेवू द्या. तुमचं तुम्ही बोला."

सुखीबाईनं घास घेतला. पितर जेवू लागलं म्हणजे बाकीच्यांनी जेवायचं, म्हणून नागोरावांनीही कोहळ्याची फोड तोंडात टाकली. चावली. गिळली. ते थांबले.

"मीठ नाई याच्यात," ते पत्रावळीला म्हणाले.

"कोनाले म्हनता?" सुखीबाईनं विचारलं.

नागोरावांनी मान वर केली. तुळसाबाईनं त्यांचे डोळे असे समोरून कधी पाहिले नव्हते. डाव्या डोळ्यात एक पांढरट डाग होता. एका घरात आयुष्य गेलं तरी हे तिला ठाऊक नव्हतं.

"तुळसाबाई," ते म्हणाले, "मीठ नाई कोहळ्यात."

"आनतो," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं मिठाचा डबा घेतला. काही तरी होईल असं तिला वाटलं. काही झालं नाही. तिनं पानोपान मीठ वाढलं, सुखीबाईला, बळीरामला, शेवटी भासऱ्यांना, आणि तिथंच वाकल्या वाकल्या म्हणाली, "भाऊजी, नका जाऊ."

"ऱ्हाऊन काय करू?"

उत्तर म्हणून काही तरी गोड सांगावं, सरस्वतासारखं पदरचं घालावं, हे तिला सुचलंच नाही.

"मले बी माहीत नाई," ती म्हणाली. "मी बी उठतो, चूल पेटवतो. खाल्लेलं कळत नाई. रांधलेलं कळत नाई. मीठ टाकलं का नाई ते कळत नाई. तुम्ही खाऊन सांगान त कळन. दुसरं कोन सांगन मले? याह्यले पुढ्यात माती वाढली तरी हे खातीन."

"हे बाकी खरं हाय," सुखीबाई म्हणाली. बळीराम भेंडी खात होता, तो खातच राहिला.

नागोरावांनी मिठात बोट बुडवून ते फोडीला लावलं. खाल्ली. दुसरी खाल्ली. सरगुंडे रसात मोडून घेतले. पान संपत आलं तेव्हा ते रुपालीकडं बघून म्हणाले, "पोरी, माही थैली सोडून ठेव."

"बाबा!" रुपालीचा आवाज चढला. "घरी कूलर लावला मी. तुमच्या जावयानं खाट इनून घेतली. आन तुम्ही एका मिठावरून..."

"खाट ठेव. येईन मी, दिवाळीत येईन. नातवंडं दाखवजो तवा."

"इथं मरान तुम्ही कुढून कुढून."

"तिथं बी मरनच," नागोराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, माया होती की नाही तेही कळलं नाही. रुपाली उठून मागच्या अंगणात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, मग नाक शिंकरल्याचा. तुळसाबाईला त्या पोरीचा हेवा वाटला. वाटला म्हणजे, वाटायला हवा होता हे तिला समजलं.

सुखीबाई तृप्त होऊन उठली. विडा तोंडात घालून तिनं पाटाला हात लावून नमस्कार केला. "सरस्वते, पोट भरलं बाई तुह्यं," ती म्हणाली. "कढी मीच केली असती त अजून बरी झाली असती." आणि पदराचं टोक डोळ्याला लावून, गुडघ्यांना शिव्या देत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रुपाली एकटीच एसटीत बसली. जाताना काकूच्या पाया पडली, पण बोलली नाही. बळीराम तिला फाट्यापर्यंत सोडायला गेला. सुखीबाईनं आपल्या वाडीतल्या गवारीच्या शेंगा धाडल्या होत्या, फडक्यात बांधून. तुळसाबाई त्या सुपात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी निवडायला बसली.

नागोराव आले. ओसरीची जागा सोडून ते कधी इतके आत आले नव्हते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, उंबऱ्याच्या पलीकडं भिंतीला टेकून बसले. बोलावं असं दोघांनाही वाटलं असेल. पण इतक्या वर्षांच्या न बोलण्याखाली काय काय साचलं असेल म्हणून उकरावं, तर तिथं फारसं काही नव्हतं. पाणी, भाकरी, गाय, पोर. ते सारं केव्हाच तिसऱ्या तोंडातून बोलून झालं होतं.

"काय हाय हे?" त्यांनी विचारलं.

"गवार."

"हं."

त्यांनी सुपातल्या मूठभर शेंगा स्वतःकडं ओढल्या. जाड बोटांनी एक उचलली, टोक मोडलं, शेंगेचे तुकडे केले, बाजूला टाकले. दुसरी उचलली. तुळसाबाई बघत होती. त्यांनी मोडलेल्या प्रत्येक शेंगेला कडेचा दोर तसाच लोंबत होता. भाजी शिजली असती, आणि तो दोर दातात अडकला असता. ती नेहमीसारखी मान वळवून कुणाला तरी सांगायला गेली. तिकडं भिंत होती.

"दोर राह्यले त्याचे," ती म्हणाली.

नागोरावांनी तुकडे पुन्हा हातात घेतले, उन्हाकडं धरून पाहिले.

"कुठून काढा लागते?"

"टोकाकडून. असं."